चंदनाचा हार

अ‍ॅमेझॉनच्या ज्या गावात मी अकरा वर्षं ये-जा केली, तिथली एक बाई ग्लासगोला माझ्या दारात उभी होती. दोन हजार सहा-सातची गोष्ट. जंगलावरच्या एका कॉन्फरन्सला ती आली होती. तिचे वडील माझे गुरू. तिकडचं झाडन् झाड त्यांनी मला शिकवलं. ते गेल्यापासून गावाचं तीच बघायची. मला पुन्हा येऊ द्यायचं की नाही, हेही तीच ठरवणार होती. नाही म्हणाली असती, तर तिथल्या झाडांवर मी लिहीत असलेलं पुस्तक बाराच्या भावात गेलं असतं.

किल्ली फिरवली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, हॉलमधला फोटो!

तिच्या लोकांत माणूस गेला की त्याचं सगळं जाळतात. त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. मागे काही राहिलं तर तो अडकून पडतो, असं मानतात. यावर मी स्वतः लेक्चरं झोडायचे! आणि घरी? ते गेल्याचं कळलं तेव्हा ढसाढसा रडले, आणि आपल्याकडच्या सवयीनं त्यांचा फोटो फ्रेम करून लावला, वर चंदनाचा हार. एवढं शिकून शेवटी मातीच खाल्ली.

मी पुढे घुसले, पण तिनं पाहिलंच. ओरडली नाही. भिंतीकडे पाठ करून खाली बसली.

"ताई, तू त्यांना धरून ठेवलंस?"

किचनच्या सिंकमध्ये फोटो जाळला, हारही. स्मोक अलार्म कोकलायला लागला. मी टॉवेल हलवत राहिले, ती हुंदके देत राहिली. सगळी राख झाल्यावर तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"अजून काही आहे त्यांचं तुझ्याकडे?"

युनिव्हर्सिटीतल्या माझ्या कपाटात त्यांच्या आवाजाच्या टेप होत्या, खोकंभर. झाडांची नावं, औषधं, गाणी. माझं अख्खं पुस्तक त्यांच्यावर उभं होतं.

"नाही गं," मी म्हणाले.

तिनं मनगट सोडलं, डोळे पुसले. नदीचं पाणी ओसरलं की ये म्हणाली, घर तुझंच आहे.

"आता ते सुटले ना?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली. इतकी नीच मी आयुष्यात कधी वागले नव्हते.