हाँग पक्ष्याची शेपटी

जावा बेटावरच्या लासेमला बू मुंतामांच्या, म्हणजे मुंतामाबाईंच्या, बाटिकच्या कारखान्यात वारसिनी तीस वर्षं कापडावर मेणाचे ठिपके घालत होती. वेली, पाकळ्या कुणीही काढाव्यात. फिनिक्ससारख्या हाँग पक्ष्याच्या शेपटीतले मोहरीएवढे ठिपके मात्र तिनेच घालायचे. त्याचा तिला इतका अभिमान की डोळे अधू झाल्याचं तिने स्वतःलाही कळू दिलं नाही. मेण नीट बसलं नाही तर दोष मेण वितळवायच्या चुलीचा, ठिपका चुकला तर कापडाचा. एकदा तिने शेजारणीच्या सावलीला दोष दिला. शेजारीण त्या दिवशी कामावर आलेलीच नव्हती.

शेवटी बू मुंतामांनी लग्नाचं कापड तिच्यापुढे ठेवलं. "बू, ही शेपटी एकसारखी झाली पाहिजे. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुम्ही मोकळ्या जागा भरा."

मोकळ्या जागांना मेण फासणं हे नव्या बायकांचं काम. वारसिनी त्याच दिवशी शेजारच्या रेंबांग शहरात चष्म्याच्या दुकानात गेली. चष्मा आला की कारखान्यात 'म्बाह' म्हणजे आजी म्हणतात, हे ठाऊक असल्यामुळे ती आजवर टाळत होती.

"दोन भागांचा देऊ, की जोड न दिसणारा?" दुकानदाराने विचारलं.

"जोड न दिसणारा. वय न दिसणारा असेल तर तोच द्या."

"तसा येत नाही, बू. डोळ्यांत लेन्स घालता का?"

"मेणाच्या धुरात? डोळ्यांतच बाटिक होईल."

चष्म्याचे सोळा लाख रुपिया झाले. महिन्याभराहून जास्त मजुरी, फ्रिजसाठी साठवलेली. "जवळचं काम काचेच्या खालच्या भागातून बघायचं," दुकानदार म्हणाला. हे आपल्याला जन्मापासून माहीत असल्यासारखी वारसिनीने मान हलवली.

पण बाटिकचं कापड मांडीवर नसतं. ते बांबूच्या दांडीवर डोळ्यांसमोर टांगलेलं असतं. काचेच्या खालच्या भागातून ते बघायचं तर हनुवटी आढ्याकडे न्यावी लागे. दोन दिवस ती आरवणाऱ्या कोंबड्यासारखी बसली आणि मेण गुडघ्यावर सांडत राहिली.

"बू, छपरात काय शोधताय?" चुलीच्या पलीकडून एंदाने विचारलं. वारसिनीची पुढची बाजू झाली की तेच ठिपके कापडाच्या मागून मेणाने गिरवायचे, हे एंदाचं काम.

"फ्रिज," वारसिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एंदा बाजारातला पस्तीस हजारांचा, लालभडक काड्यांचा तयार चष्मा घेऊन आली. "आईचा आहे. तिचा नंबर तुमच्याएवढाच असणार. तीही चुलीलाच दोष देते."

वारसिनीने तो चढवला. "म्बाह!" सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या. तिचं लक्षच नव्हतं. मान सरळ होती आणि प्रत्येक ठिपका स्वच्छ दिसत होता. त्या आनंदात ती आधी करून ठेवलेल्या, रंगाला जायच्या कापडांकडे वळली. पुढच्या बाजूला तिच्या ठिपक्यांच्या रांगांत बोटबोटभर फटी. तिने कापड उलटं केलं. फट होती तिथे मागून बारीक, नेटके ठिपके. गिरवलेले नव्हेत, नवेच घातलेले.

"एंदा, हे कधीपासून?"

"दोनच वर्षं झाली, बू."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कापडच वाकडं विणलंय."

शेपटीला तीन दिवस लागले. मागची बाजू वारसिनीने एंदाला करू दिली नाही. बू मुंतामांनी कापड उजेडाकडे धरलं, बोट फिरवत एकेक पीस बघितलं आणि म्हणाल्या, "जमलं."

"एक सांगायचंय, बू," वारसिनी म्हणाली. चुलीभोवती मेणाने ठिपके घालणाऱ्या सगळ्या लेखण्या थांबल्या. "ही शेपटी माझी. गेल्या दोन वर्षांतल्या अर्ध्या एंदाच्या होत्या."

"ठाऊक आहे. मी आधी मागचीच बाजू बघते."

वारसिनीने बायकांकडे पाहिलं. एकीलाही नवल वाटलेलं नव्हतं. बू मुंतामांनी पुढचं कापड आणलं, तिच्या आणि एंदाच्या मधोमध ठेवलं आणि त्या चहाला निघून गेल्या.