मावशींना वाचून दाखवलेला शेवट

मी नववीत होते, त्या थंडीत खालच्या मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू तसा म्हातारपणाचा, पण त्यांना पंचेचाळिशीतच झाला. महिनाभर वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशी मूळच्या नागपूरच्या, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये त्या एकट्या राहायच्या, आणि वाचनाशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

आई म्हणाली, "शाळेतून आलीस की तासभर वाचून दाखव त्यांना. तुझं मराठीही सुधारेल."

ते सुधारायला हवंच होतं. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी पुस्तकातला प्रत्येक पाचवा शब्द मला अडायचा. आम्ही दोघी हिरवळीवर उन्हात बसायचो. मावशी काळा चष्मा लावून अंदाजानेच मटार सोलायच्या आणि मी वाचायचे. "कातरवेळ म्हणजे?" असं मध्येच विचारलं की त्या हसायच्या.

कादंबरी मराठी वाचनालयातून आणलेली, जाडजूड. कॉलेजात एकमेकांवर जीव असलेले दोघं घरच्यांमुळे दुरावतात आणि वीस वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात पुन्हा भेटतात. तो विधुर, तिने लग्नच केलेलं नाही. मग पत्रं, भेटी, जुनी भांडणं, पुन्हा पत्रं. मला तर शाळेतही त्यांचीच काळजी लागलेली असायची.

दर रविवारी फरीदाबादहून एक गृहस्थ संत्री घेऊन यायचे. वेताच्या मोढ्यावर, म्हणजे बुटक्या स्टुलावर, अगदी कडेला बसायचे, जणू कुणी उठवलं तर पटकन उठता यावं. ते मावशींचे यजमान आहेत, हे मला आईने सांगितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. बारा वर्षांपूर्वी मावशींना बढती मिळाली, पण दिल्लीच्या बदलीसह. सासरचे म्हणाले, नोकरी सोड. यजमान गप्प राहिले. मावशींनी नोकरी सोडली नाही, घर सोडलं. ना कोर्टकचेरी, ना पत्र. त्या दिवसांत फरीदाबादला नवे कारखाने निघत होते, त्यातल्याच एकात यजमानांना काम मिळालं होतं. मावशींच्या ऑपरेशनचं कुणाकडून तरी कळलं, आणि ते थेट हॉस्पिटलात येऊन उभे राहिले.

एका रविवारी आमच्या खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"गाझियाबादकडे फ्लॅट घेतलाय," ते म्हणाले. "दोन खोल्या आहेत. एक तुमची. आलात तर."

बायकोला ते 'तुम्ही' म्हणत होते.

मावशी म्हणाल्या, "बघू."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये मला राहवलं नाही. मी कादंबरीची शेवटची पानं काढली आणि वाचून थंडच पडले. दोघांची लग्नाची तारीख ठरलेली असताना नायिका एक चिठ्ठी लिहून भावाकडे निघून जाते. का, ते कुठेच नीट सांगितलेलं नाही. तो तिची पत्रं नदीत सोडतो. संपलं. तीनशे नव्वद पानं दोघांना जवळ आणायचं आणि सात पानांत असं मोडून टाकायचं! मला रडू आलं आणि रागही आला. हे मावशींना वाचून दाखवायचं? आत्ता?

म्हणून मी नाही दाखवलं. दोन दिवसांनी त्या पानांपाशी आलो, तेव्हा पुस्तक समोर धरून मी मनचंच सुरू केलं. नायिका स्टेशनवर जाते. गाडी येते, पण ती चढत नाही. तो धावत येतो. "तो म्हणाला, चल, आता आपल्या घरी जाऊ. ती म्हणाली, बिल्कुल!"

मावशींचे हात मटारांवर थांबले.

"ही बाई सबंध पुस्तकभर 'निःसंशय' म्हणतेय," त्या म्हणाल्या, "आणि आज एकदम हिंदीतलं 'बिल्कुल'?"

माझे कान तापले. त्या मोठ्याने हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "आता छापलंय ते वाच."

मी वाचलं. नदीपाशी मी अडखळले. मावशींनी पदराने हात पुसले.

"भ्याली," त्या म्हणाल्या.

"कोण, नायिका?"

"नाही गं, लिहिणारी. दोघांना एका घरात ठेवलं असतं तर पुढचं लिहावं लागलं असतं. आधी कोण रुसणार, कोण चहा करणार, जुनं कुणी उकरून काढायचं. ते अवघड. त्यापेक्षा नदी बरी."

"मग तुम्ही जाणार?" मी विचारून बसले.

"तू आमचं ऐकलंस?"

"खिडकी उघडी होती."

त्या रागावतील असं वाटलं होतं, पण नाही रागावल्या. "पुस्तकाला विचारून कुणी घर करतं का?" एवढंच म्हणाल्या आणि मटारांचं ताट उचलून आत गेल्या.

चष्मा उतरल्यावर आधी फ्लॅट बघू म्हणाल्या. सोबतीला आई आणि मी. रिक्षा यमुनेच्या पुलावरून पलीकडे गेली. फुलकोबीची शेतं आणि मध्येच अर्धवट उभ्या इमारती. लिफ्टची नुसती पोकळी होती, चार मजले चढलो. यजमान प्रत्येक खोलीचं दार उघडून दाखवत होते.

"आणि स्वयंपाकघर कुणाचं?" मावशींनी विचारलं.

"ज्याला भूक लागेल त्याचं," ते म्हणाले. गमतीने नव्हे. ते उत्तर त्यांनी बहुतेक बारा वर्षं तयार करून ठेवलं होतं.

मावशी राहायला गेल्या, पण सरकारी क्वार्टर त्यांनी लगेच सोडलं नाही. पुढच्या थंडीपर्यंत किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. एकदा भांडून चार दिवस परतही आल्या. पाचव्या दिवशी यजमान घ्यायला आले, जिन्यातूनच म्हणाले, "अगं, पाण्याचा टँकरवाला तुझ्याशिवाय कुणाला जुमानत नाही." ते 'तू' ऐकून आईने माझ्याकडे पाहिलं.

अकरा वर्षं ते दोघं तिथे राहिले. मी कॉलेजातून, मग ऑफिसातून जात राहिले. कधी दोघं मजेत असायचे, कधी एकमेकांशी बोलत नसायचे. मग एका सकाळी यजमानांचं हृदय बंद पडलं.

दिवसकार्य झाल्यावर मी मावशींकडे राहायला गेले. वाटलं होतं त्या खचल्या असतील. त्या गॅसपाशी उभ्या होत्या, आणि सवयीने त्यांनी दोघांपुरताच चहा टाकला होता.

"बरं झालं तू आलीस," त्या म्हणाल्या, "नाहीतर ओतून द्यावा लागला असता."

आम्ही बाल्कनीत बसून तो प्यायलो. समोरची शेतं केव्हाच गेली होती, पण फुलकोबी नक्की कुठे होता ते मावशी मला बोटाने दाखवत राहिल्या.