टेकडीवरून बोलायचं होतं

रेडिओ पाठीवर घेऊन टेकडी चढलं की दिवसभरात जेमतेम तासभर बोलणं होतं. बाकीचा वेळ वायर सोडवण्यात आणि चुका एकमेकांवर ढकलण्यात जातो. किस्से त्यातच होतात. आम्ही तिघंच, तरी इतके साठलेत की कुठला आधी आणि कुठला नंतर, माझाच घोटाळा होतो.

तिघं म्हणजे सुभेदार काका, जोशी सर आणि मी. काका फौजेत वायरलेसवर होते, रिटायर झाल्यावर महूहून सुदामा नगरला आले. जोशी सर अन्नपूर्णाकडच्या शाळेत गणित शिकवतात. मी नववीत शाळा सोडली, मल्हारगंजात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात आहे. हौशी रेडिओची परीक्षा काकांनीच माझ्याकडून घोटून घेतली. पास झालो, लायसन्स आलं, हवेत ओळख सांगायला स्वतःचा कॉलसाइन मिळाला. आईनं फ्रेम करून भिंतीवर लावलं.

पण माइकवर मी कधी बोललो नाही. वायर झाडावर फेकायची, बॅटरी उचलायची, तेवढं माझं काम.

*

महूच्या पुढे आमची नेहमीची टेकडी आहे. पहिल्याच वेळी अँटेना बांधत होतो, तर खालच्या गावातले एक म्हातारे बाबा बकऱ्या घेऊन आले.

"क्यों भिया, टावर लग रिया है?"

जोशी सर पडले मास्तर! फळा नव्हता, तर आकाशात बोट फिरवून वीस मिनिटं समजावलं. लहर वर कशी जाते, वरच्या थरावर आपटून परत कशी येते, मध्ये ना टावर ना कंपनी. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"वो तो सब ठीक है सर," ते म्हणाले, "पर रिचार्ज कौन डलवाएगा?"

*

ओझ्याच्या बाबतीत सर फार कडक. प्रत्येक वस्तू किचनच्या काट्यावर तोलून मगच बॅगेत. माझा पानासुद्धा घरी ठेवायला लावला. एकदा तर त्यांनी जोडीची बॅटरीच काढून ठेवली.

"एक पुरते रे, गणित केलंय मी!"

जुनी बॅटरी वर लिहिलेल्या आकड्याइतकी चालत नाही, हे मला दुकानामुळे माहीत होतं. पण गणितात सरांना मी काय सांगणार? एकच बॅटरी उचलली.

दुपारी जपानचं एक स्टेशन अगदी बारीक ऐकू आलं. सर वर्षभर जपानची वाट बघत होते. त्यांनी आपला कॉलसाइन सांगितला, तिकडच्या माणसानं तो अर्धा परत म्हटला आणि रेडिओचा दिवा विझला.

काकांनी शांतपणे सरांची बॅग उघडली. आत एक किलो लौंग सेव!

"गणितात ही धरली होती का, सर?"

सेव खाल्ली आम्ही. सरांनी मात्र हात लावला नाही. जपान अजून झालेलं नाही.

*

एकदा केरळचे एक गृहस्थ लागले. आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा. काकांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं की आता आमचा तरुण ऑपरेटर बोलेल, आणि माइक माझ्या हातात कोंबला.

"गुड मॉर्निंग, यंग मॅन!" तिकडून आलं.

मी उठून उभा राहिलो आणि हात जोडले. माइक दोन्ही तळव्यांच्या मध्येच!

"अरे, नमस्कार दिसत नाही रे त्यांना!" काका ओरडले.

सर हसून हसून गवतात आडवे. मी माइक परत दिला आणि वायर तपासायला निघून गेलो. वायर ठीकच होती.

*

मग काकांच्या कानांचं सुरू झालं. एका रविवारी ते अर्धा तास हाका मारत राहिले. उत्तरं येत होती, आम्हा दोघांना स्पीकरवर स्पष्ट ऐकू येत होती. काकांना नाही.

"बँडच मेलाय आज, हवेत कुणीच नाही," ते म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"हो काका," सर म्हणाले, "मेलाय."

डॉक्टरांनी सांगितलं, उरलेलंही जाणार, मशीननं फार फरक पडणार नाही. काकांनी आम्हाला ते उद्या ऊन पडणार म्हणावं तसं सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "बेटा, कान आहेत तोवर एकदा ऑन एअर बोल. मी शिकवलेल्या पोराचा आवाज ऐकून ठेवू दे."

"पुढच्या रविवारी नक्की, काका," मी म्हटलं.

असे किती पुढचे रविवार घालवले मी!

*

शेवटी काकांचे गुडघेही टेकडीला नाही म्हणाले. त्या रविवारी सर आणि मीच वर गेलो. काका सुदामा नगरला गच्चीवर रेडिओ घेऊन बसले. दहा वाजता मी बोलायचं, असं ठरलं. दुकानात आठवडाभर पाठ केलं होतं. आधी कॉलसाइन, मग फक्त चार शब्द: काका, मी टेकडीवरून बोलतोय.

दहा वाजले. मी बटण दाबलं. बटण दाबलं की तुम्ही बोला न बोला, समोरच्याच्या रेडिओवर सिग्नलच्या पट्ट्या भरतात. सर मान हलवून "बोल, बोल" करत होते. मी तोंड उघडलं. कॉलसाइनसुद्धा बाहेर पडला नाही. अर्धं मिनिट बटण तसंच दाबून धरलं आणि सोडून दिलं.

थोडा वेळ नुसती खरखर. मग काकांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"शाबास बेटा! पट्ट्या पूर्ण भरल्या. फार छान बोललास, शब्दन् शब्द ऐकला मी!"