करू का चालू?

केळझरला मोठेबाबांकडे गेलं की आधी पाणी मिळत नसे, आधी मोबाइल द्यावा लागे. उंबऱ्याच्या आत पाय पडला की ते तळहात पुढे करत. समोर सोयरा असो, बँकेचा माणूस असो, की गणपतीची वर्गणी मागायला आलेली टोळी असो. चष्मा कपाळावर चढवून ते सेटिंगमध्ये शिरत, व्हिडिओ आपोआप सुरू होण्याचं बटन बंद करत आणि मग म्हणत, "आता प्या पाणी." हरकत घेणारा तहानलेलाच परत जाई. मी सख्खी पुतणी, पण मलाही सूट नव्हती.

गाव त्यांना भोंगेबाबा म्हणे, कारण उभा जन्म त्यांनी लग्नाबारशांत लाउडस्पीकर लावण्यात घालवला होता. असा माणूस आवाजाचा वैरी कसा झाला, असं नवख्यांना वाटायचं. पण त्यांचं वैर आवाजाशी नव्हतं. तबकडी गरगर फिरत असायची आणि हे सुई बोटांत वर धरून मांडवात घरधन्याला शोधायचे. तो दिसला की विचारायचे, "करू का चालू?" त्यानं "करा" म्हटल्याशिवाय सुई खाली येत नसे. एकदा वरात दारात येऊन ताटकळली, लोक शिव्या घालू लागले, तरी घरधनी आंघोळीला गेला होता म्हणून यांची सुई हवेतच. त्यांची एकुलती लेक, आमची नंदाताई, लहानपणी मशीनच्या पेटीशेजारी बसून घरधन्याच्या आधी "करा, बाबा" म्हणून टाकायची आणि ते खोटंखोटं डोळे वटारायचे.

एवढं सोडलं तर त्यांच्यात गोड काही नव्हतं. माणूस भांडकुदळ होता. फोन अर्ध्यावर कापणं हे त्यांचं आवडतं हत्यार. नंदाताईनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून तिचा प्रत्येक फोन त्यांनी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कापला. शेवटी तिनं फोन करणंच सोडलं. मोठीआई गेली तेव्हा ती आली, आईच्या पायाशी बसली आणि बापाशी एक शब्द न बोलता परत पुण्याला गेली.

मग एका दिवाळीत, मी तिथं असतानाच, संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. इतक्या वर्षांनी. मोठेबाबांनी उचलला. ताई म्हणाली, "बाबा, कापू नका. मले तुमाले एक सांगाचं आहे." तेवढ्यात तिचा चेहरा तसाच गोठला आणि कॉल गेला. त्या दिवसाचा डेटा संपला होता. मेला तो मोबाइल दुपारभर खाटेवर उघडा पडला होता आणि त्यावर एकामागून एक व्हिडिओ आपले आपण चालले होते. कोणी भजी तळत होतं, कोणी चिखलातून ट्रॅक्टर ओढत होतं. बघायला खाटेपाशी कोणी नव्हतं. मी लगेच माझ्या मोबाइलवरून ताईला लावला, डेटा संपल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "त्याईची बाजू घेऊ नको. ते कापतेतच." आणि तिनं माझाही कापला. शेवटी मुलगी कोणाची.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोठेबाबा बसनं नालवाडीला माझ्या दारात हजर. मोबाइल माझ्यासमोर आपटला. "हे कोणाले इचारून चालते?" मी व्हिडिओंचं आपोआप चालणं बंद करून दिलं, डेटा सेव्हर लावून दिला. पुन्हा पुन्हा करायला लावून ते शिकले. जाताना म्हणाले, "घरधन्याले न इचारता बोलते, अन् घरधन्याचाच माल खाते. चोर आहे हा."

तिथून त्यांनी जगाशी युद्ध पुकारलं. गणपतीच्या देवळात रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाचा मोबाइल खिशातल्या खिशात बरळू लागला, तर यांनी त्याच्यापुढे हात पसरला. तो भडकला, तुमच्या बापाचा डेटा आहे का म्हणाला. मोठेबाबा म्हणाले, "नाई, तुह्या बापाचा आहे. म्हनून तं सांगून राह्यलो." प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. देवदर्शन राहिलं बाजूला.

स्वतःच्या मोबाइलवर वाचवलेला डेटा घेऊन ते रोज संध्याकाळी मोबाइल मांडीवर ठेवून बसत. ताईचा कॉल येत नसे. माझं डोकं फिरलं. तुम्हीच लावा ना, म्हटलं. "मी काऊन लावू? कोणी बलावल्याशिवाय मी भोंगा लावला का कदी?" ते म्हणाले. मग मीही तोंड सोडलं. म्हटलं, "मोबाइलचं बटन तं बंद केलं, मोठेबाबा, तुमचं कोन बंद करन? तुमी तं समोरचा बोलाच्या आत आपोआप चालू होता." त्यांनी मला दार दाखवलं. मी दार आपटून निघाले. त्या घडीला मला त्या माणसाचा मनापासून राग होता, आणि तो योग्यच होता असं मी आजही म्हणते.

उन्हाळ्यात कळलं, नंदाताई केळझरला आली आहे, जावई आणि नात घेऊन. मी धावतच गेले. मोठेबाबा ओसरीवर जावयाच्या मोबाइलचं सेटिंग बदलत होते आणि जावई घशाला कोरड पडून उभा होता. मला बघून त्यांनी नुसता दुसरा तळहात पुढे केला. हे कसं घडलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायची माझी छाती नव्हती.

ते सांगितलं ताईनं, मोठेबाबा गेल्यावर, तेरवीची भांडी आवरताना. त्यांनी स्वतःहून तिला व्हिडिओ कॉल लावला होता. तिनं भांडायच्या तयारीनंच उचलला. पण हे सुई धरल्यासारखी दोन बोटं हवेत वर धरून नुसते बघत बसले. ती कापणार, तेवढ्यात म्हणाले, "नंदे, करू का चालू?"

त्यांनी घाई केली नाही, बोटं तशीच धरून ठेवली. मग ती म्हणाली, "करा, बाबा."

मग ते बोलले. दिवसभराचा अख्खा डेटा संपेपर्यंत बोलले आणि बोलता बोलता पुन्हा कॉल गेला. ताई अंधारल्या पडद्याकडे बघत बसली होती. लगेच साधा फोन वाजला.

"नंदे," ते धापा टाकत म्हणाले, "मी नाई कापला."