जिन्यासकट घर

समस्त गृहसदस्यांना, तसेच दारात चपला काढून आत आलेल्या सर्वांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, नाशिकमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये अतिशय गंभीर स्वरूपाची लोकसंख्यावाढ झालेली आहे.

धाकटा भाऊ सिन्नरचं जुनं घर पाडून नवीन बांधतोय. स्लॅब होईपर्यंत म्हणून तो, भावजय आणि त्यांची दोन मुलं आमच्याकडे आली. स्लॅब काही होत नाही. वाळू आली तर गवंडी नसतो, गवंडी आला तर त्याच्या घरी लग्न निघतं. भाऊ आला याचा मला आनंदच आहे, पण थकलोय हो! कामावरून येऊन टेकायला कोपरा शोधायचा, बाथरूमला नंबर लावायचा आणि जेवणं झाली की हॉलभर गाद्या अंथरायच्या.

त्यात आमची कन्या दहावीत. तिच्या भूगोलाच्या बाईंनी लोकसंख्येची घनता शिकवलेली. परवा जेवताना ती सहज म्हणाली, "पप्पा, आधी आजी धरून आपण चौघं होतो, आता आठ. जागा तेवढीच. म्हणजे घनतेचं गुणोत्तर एकास दोन. आपलं घर विरळ वस्तीचं सुरगाणा होतं, ते गजबजलेलं मालेगाव झालं."

भावाचा घास हातातच राहिला.

"दादा," तो ताटाकडे बघत म्हणाला, "जवळपास भाड्यानं खोली बघतो मी. पोरीचं दहावीचं वर्ष हाय."

सख्खा भाऊ माझ्या घरातून उठून भाड्याच्या खोलीत? भावकी काय म्हणेल ते म्हणेल, मलाच झोप लागली नसती. मी पाटावरून अर्धवट उठलो आणि हात उंचावून गर्जना केली, "थांबा! भागाकार चुकलाय! फ्लॅट नऊशे साठ चौरस फूट, माणसं आठ. माणशी एकशे वीस! राजवाडा आहे हा!"

"पप्पा, घनता म्हणजे जागेमागे माणसं. तुम्ही उलटं केलंत," कन्या म्हणाली. "आणि नऊशे साठ कुठून आणले?"

"घर घेताना बिल्डरने सांगितले."

"त्यात जिना धरलाय, लिफ्ट धरलीय, खालचा पॅसेजसुद्धा! आतून मी टेपने मोजलंय. सहाशे चाळीस भरतं. माणशी ऐंशी."

भावजयीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, कळेना. भाऊ तर हात धुवायला उठायच्या बेतात. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

"मग? जिना काय परक्याचा आहे?" मी ओरडलो. "जिनासुद्धा आपल्या घरातच धरायचा!"

आई इतका वेळ दुधात भाकरी कुस्करत होती. तिने भावाचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि माझ्यावर कडाडली, "मंग तू जा की जिन्यात निजायला! धाकटा कुठं जात नाय!"