'सोनसळी'चा नारळ

बोंबील एकटा वाळत घालता येत नाय. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, तेव्हा कुठे ती जोडी काठीवर ठरते. मी लग्न होऊन नवापूरला आले तेव्हा हे मला हंसानं शिकवलं. ती आमची शेजारीण. जोड्या लावता लावता एखादा बोंबील उरला की बाजूला ठेवायची नि म्हणायची, "ह्यो माझ्यावानी." मी ओरडायची, "गप गो, सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस!" मग ती हसायची, पण नुसत्या तोंडानं.

तिचा नवरा वामन 'सोनसळी' होडीचा तांडेल. होडी त्याच्या हुकमावर चालायची. एका वादळात ती त्याच्यासकट गेली ती गेलीच, साधं फळकूटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाय. पोरबाळ नव्हतं. तेव्हापासून हंसा एकटी टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची, येताना उरलंसुरलं सालवडला विकायची नि घरी येऊन वाटीभर भात टाकायची. आमच्या घरात रोज भांडी आपटतात, सासू एक बोलते, मी दोन बोलते. हंसाच्या घरातून आवाज म्हणून यायचा नाय. खरं सांगते, त्या घराची मला भीती वाटायची.

आता आमची रीत ऐका. बुडालेल्या होडीचं नि तिच्या तांडेलाचं नाव किनाऱ्यावर कुणी घ्यायचं नाय. दर्या ऐकतो नि सोबतीला दुसरी होडी मागतो, असं जुनी माणसं सांगतात. नि बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाय, ही तर सगळीकडचीच रीत. म्हणजे बघा, गावानं घ्यायचं नाय, घरच्या बाईनंही घ्यायचं नाय. असा कुणी वामन होता, हे कळायचं तरी कुणाला?

चौसष्टच्या सुमारास तिकडे तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघालं. आळीतली पोरं होड्या सोडून रोजावर जायला लागली, तीही पँटी चढवून! आजाच्या होडीचं नाव विचारलं तर मेले एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. पुंडलिकदा आळीतला सगळ्यात जुना तांडेल, त्याचं डोकं तापलं. म्हणाला, "अवंदा नारळी पुनवेला आळीतल्या सगळ्या होड्यांची नावं घेऊ, पार पयल्या होडीपासून. आपण कोन हाय, ते ह्या पोरांना कळू दे." ठरलं असं की तो होडीचं नि तांडेलाचं नाव पुकारणार, त्या घरच्या माणसानं "हाय!" म्हणून ओ द्यायची नि वाळूत ओळीनं नारळ ठेवायचा. मग सगळे नारळ फोडून आळीभर प्रसाद.

हंसाच्या कानावर हे गेलं नि ती माझा हात धरून थेट पुंडलिकदाच्या दारात उभी राहिली.

"दादा, सगळ्या होड्या म्हंजे आमची पन ना?"

पुंडलिकदा जाळं विणत होता, त्याचा हात थांबला. "हंसा, माझे दोन पोरगे पुनवेनंतर दर्यात जानार हाय. कसं घेऊ, तूच सांग."

"एकदाच घ्या. एकदा माझ्या कानावर पडू दे. मी मेल्यावर कोन विचारनार हाय?"

तो काही वाईट माणूस नाय. डोळे पुसले त्यानं, पण "नाय" तो "नाय"च. वाटेत मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुनवेला आळी नुसती फुलली होती. रंगवलेल्या होड्या, पताका, ताशे, घराघरात नारळाच्या करंज्या. माझी सासू नव्या लुगड्यात अशी मिरवत होती, जसं काही तिचंच लग्न हाय! पुंडलिकदा नावं पुकारायला लागला. कागद नाय, काय नाय, सगळं पाठ. एकेका नावाला घराघरातून "हाय! हाय!" उठत होतं. पँटवाली पोरंसुद्धा छाती काढून ओ देत होती. माझ्या नवऱ्यानं ओ दिली तेव्हा मलाही भरून आलं. हंसा सगळ्यांच्या मागे उभी होती, पदराखाली नारळ धरून.

शेवटचं नाव झालं, ताशेवाल्यानं काठी उचलली. तेवढ्यात हंसा गर्दीतून पुढे आली नि दर्याकडे तोंड करून तिनं चक्क उखाणा घेतला.

"नवापूरच्या बंदरावर सुटलाय वारा,
वामनचं नाव घेते, 'सोनसळी'चा तांडेल खरा!"

अगो आई! कुंकू पुसलेली बाई कधी उखाणा घेते? नि तेही बुडालेल्या होडीच्या नावानं! बायकांनी तोंडाला पदर लावले. पुंडलिकदा मटकन वाळूत बसला.

हंसा थांबली होती. कशासाठी, ते मला जरा उशिरा उमगलं. नाव पुकारल्यावर ओ यायला हवी ना! ती आमच्या तोंडांकडे बघत होती, एकेकाच्या. कुणी हललं नाय. मग तिनं खाली मान घातली नि हळूच म्हणाली, "हाय."

हाक मारणारी तीच, ओ देणारी पण तीच. तिनं ओळीच्या टोकाला नारळ ठेवला, तर पुंडलिकदाच्या सुनेनं शेजारचा आपला नारळ ओढून लांब घेतला. प्रसादाला सगळे नारळ फुटले, तेवढा एक वाळूत राहिला.

दिवेलागणीला तो नारळ उचलून मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "फोड." तिनं फोडला, एक वाटी माझ्यापुढे केली. दुसऱ्या दिवशी माझा नवरा दर्यात जाणार होता. तरी मी तिथंच बसून ती खाल्ली. ती बघत राहिली. मग म्हणाली,

"शकू, नाव नीट घेतलं ना गो मी? लग्नात घेतलं होतं, ते आज."

"नीट घेतलंस," मी म्हटलं.

"मग ऐकलं असल त्यानं," ती म्हणाली, नि दुसरी वाटी तिनं दर्याच्या बाजूच्या उंबऱ्यावर ठेवली.