पाचाचे चार

देवजी माझा सासरा. जन्म गेला डोंगरउतारावर नाचणी पिकवण्यात आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर. गोड बोलणारा माणूस नाही, पण ताटात कधी शीत उरू दिलं नाही त्याने.

आषाढात पनवेलच्या कॉलेजातून भाविका नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन वाडीवर आली. आमची घरं तिने त्यात भरली होती. माणसं किती, नाचणी किती, रेशन किती, त्यावरून कोण कधी उपाशी राहील ते लॅपटॉप दाखवायचा. आमचं घर म्हणजे एक हिरवा ठिपका. तिने पडद्यावर महिने पुढे सरकवले, तसा भादव्यात तो लाल झाला.

"यक मानूस कमी करून बग," देवजी म्हणाला.

तिने पाचाचे चार केले. नवी नाचणी येईपर्यंत ठिपका हिरवाच राहिला.

"हे नुसतं गणित आहे हो, आजोबा," ती घाईने म्हणाली. आता कशाला सांगतेस, असं अगदी तोंडाशी आलं होतं माझ्या.

त्या दिवसापासून भाकरी वाढली की म्हातारा ताट सरकवतो. "सोमीकडं जेवलो," म्हणतो.

सोमी आमची शेजारीण. ती पोरं घेऊन माहेरी गेलीय, दाराला कुलूप आहे. ते कुलूप आमच्या ओट्यावरून दिसतं. मी बघते, नवरा बघतो, आणि म्हाताऱ्याची भाकरी आमची पोरं खातात.